रेकॉर्डरचं माहेर

मांजर्ली, आनंदनगर आणि कॅम्प पाच येथील तमाम रहिवासी, दुकानदार, कारखानदार आणि वॉचमन यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, एका कंपनीचे कॅमेरे आणि दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डर यांचा संसार होऊ शकतो. मी स्वतः पाहिला आहे. त्या शुभकार्याचे पोहेही खाल्ले आहेत. कुणाची हरकत असल्यास त्यांनी ती मनातच ठेवावी, कारण हे संसार लावून देणारा माणूस हरकती ऐकून घेत नसे.

त्याला सगळे मामा म्हणत. खरं नाव मला माहीत आहे, पण ते घेतलं तर कॅम्प पाचमध्ये कुणी ओळखणार नाही. टेलिफोन खात्यात खांबांवर चढण्यात अर्धं आयुष्य गेलेला, उंच, वाळका माणूस. निवृत्तीनंतरही चालताना नजर वर तारांकडे, त्यामुळे खाली कशालाही धडकणार. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पक्कड, चिकटपट्टी, एका स्टीलच्या डब्यात केबलच्या टोकांना लावायच्या पिना आणि पाच इंची काळापांढरा टीव्ही. हा टीव्ही म्हणजे मामांचा स्टेथोस्कोप. कॅमेरा आजारी आहे असं कुणी म्हटलं की आधी त्याला या टीव्हीला लावायचा. चित्र उमटलं की म्हणायचे, "माणूस धडधाकट आहे. घरात कुणाशी तरी पटत नाहीये, एवढंच."

माझी त्यांची ओळख आनंदनगरच्या कारखान्यात झाली. तिथे मी स्टोअरकीपर. आम्ही नटबोल्ट बनवायचो, आणि बनवलेले नटबोल्ट जातात कुठे हे कळावं म्हणून मालकांनी चार कॅमेरे बसवले होते. एक दिवस त्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर मेला. ती कंपनी तोवर बाजारातून गाशा गुंडाळून गेली होती. मालकांनी भलत्याच कंपनीचा रेकॉर्डर आणला, जोडला, आणि पडद्यावरचा आमचा कारखाना जत्रेतल्या पाळण्यासारखा खालून वर, खालून वर फिरू लागला. कामगार वर गेले की खालून पुन्हा तेच कामगार. मालक खूश झाले नाहीत.

डीलर येऊन बघून गेला. "साईं, कंपनी अलग है. नहीं चलेगा. सब नया डालो."

मग कुणीतरी मामांचं नाव सांगितलं. मामा आले, खुर्ची घेतली आणि मला म्हणाले, "काय स्टोअर, पोहे कुठायत?"

"कसले पोहे?"

"स्थळ बघायला बोलावलंय ना? पोह्यांशिवाय मी वायरला हात लावत नाही."

मला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. कॅन्टीनमधून पोहे येईपर्यंत मामा नव्या रेकॉर्डरसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांचं म्हणणं असं की रेकॉर्डर पुल्लिंगी असला तरी घरात नवा येतो तो, म्हणजे सून तोच. आणि कॅमेरे म्हणजे सासरची माणसं. "चौघं चार कोपऱ्यांत, दिवसभर टक लावून बसलेली. दुसरं काय म्हणणार त्यांना?"

"मग तुम्ही भटजी म्हणायचे का?" मी विचारलं.

"छे छे. आपल्यात भटजी नसतो, पत्रिकाही नसते. माझ्या लग्नात बघितली नाही, रेकॉर्डरची काय बघणार? आपण स्वभाव बघतो. मी सुनेचा मामा. आणून उभी करायची, आणि बाजूला व्हायचं."

पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी दहा मिनिटांत रोग शोधला. चित्र पाठवायच्या दोन पद्धती असतात, एका पद्धतीत चित्राच्या आडव्या ओळी जास्त, दुसरीत कमी. आमचे कॅमेरे इकडच्या पद्धतीचे, रेकॉर्डर तिकडच्या. "एक जण पंगतीत मांडी घालून बसलाय, दुसरा ताट हातात घेऊन उभाय," मामा म्हणाले. "जेवण दोघांकडे आहे. बसायचं कसं, तेवढं ठरवायचं." रेकॉर्डरच्या मेनूच्या यादीतली एक नोंद त्यांनी बदलली आणि आमचा पाळणा थांबला. कामगार जिथल्या तिथे उभे राहिले. मालकांनी टाळी वाजवली.

पण त्या रेकॉर्डरची सगळी यादी कुठल्यातरी परदेशी लिपीत होती. मी म्हटलं, "मामा, ही भाषा तेवढी इंग्रजी करून द्या."

"येते करता. करणार नाही."

"का?"

त्यांनी पक्कड पिशवीत टाकली. "स्टोअर, माणूस नव्या घरी येतं तेव्हा सगळं एकदम काढून घेऊ नये. पद्धत बदलली ना आपण तिची? मग एक गोष्ट माहेरची राहू द्यायची. तरच ती नांदते."

पुढची दोन वर्षं मी तो रेकॉर्डर पाठांतराने चालवला. वरून तिसरं, दोनदा उजवीकडे, मग ज्या अक्षराला टोपी आहे ते. मी रजेवर गेलो की कारखान्याची सुरक्षा रजेवर जायची. पण खोटं कशाला बोलू, रेकॉर्डर एकदाही बंद पडला नाही.

मामांचा हा नेम कुठेही मोडला नाही. कंपनीच्या नावाची पट्टी काढून दुकानदार आपली चिकटवू लागला की मामा हात धरायचे, "आडनाव बदलायचं नाही." कॅम्प पाचमधल्या एका कापडवाल्या सिंधी शेठच्या दुकानात त्यांनी असाच परका रेकॉर्डर नांदवला. तो दर तासाला 'टूं' करून ओरडायचा. ते ओरडणं बंद करता येत होतं, पण मामांनी नेमकं तेच माहेरचं म्हणून ठेवलं.

"मामा, ये चिल्लाती क्यों है?" शेठ वैतागले.

"घरी सवय होती तिला."

महिनाभर शेठनी मामांना शिव्या दिल्या. मग हळूहळू 'टूं' झालं की दुकानात चहा यायला लागला. पुढे एका दुपारी वीज गेली, आवाज झाला नाही, तेव्हा शेठनी स्वतः फोन करून विचारलं, "मामा, आज बोली नहीं. तबियत ठीक है ना उसकी?"

या नेमाचं मूळ मला त्यांच्या घरी कळलं. भिंतीवर एक गोल घड्याळ होतं, वीस मिनिटं मागे. मी ते दाखवलं तर आतून मामी म्हणाल्या, "दाखवू नका हो. मी सांगून थकले." मामी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या, आवाज वर्गाला पुरेल असा. "ते घड्याळ माझ्या वडिलांनी दिलेलं. लग्नात आणलं तेव्हाच मागे होतं. हे काटे फिरवू देत नाहीत. आल्यागेल्याला सांगतात, हिचं माहेर वीस मिनिटं मागे आहे."

"मग गैरसोय होत नाही?" मी विचारलं.

"वजाबाकी येते की आपल्याला," मामा म्हणाले. मामींनी कपाळाला हात लावला, पण मला दिसलं की त्या हसत होत्या.

मामांचा एकच दोष होता. आयुष्यात त्यांनी चूक कबूल केली नाही. केबल उलटी लागली तर ती केबलची घाई असायची. विहारातल्या पौर्णिमेच्या कार्यक्रमात त्यांनी एका कंपनीचा माइक आणि दुसऱ्या कंपनीचा भोंगा असा संसार लावला होता. तो मधेच किंचाळला आणि पहिल्या रांगेतल्या आज्या दचकून उठल्या. मामा शांतपणे म्हणाले, "दोघं एकमेकांना पहिल्यांदाच ऐकतायत." मामी म्हणायच्या, "या माणसाच्या तोंडून 'चूक माझी' ऐकलं तर मी पेढे वाटीन."

आता मुख्य प्रकरण. मी राहायचो मांजर्लीत, एका तीन मजली सोसायटीत, आणि कुणीच तयार नव्हतं म्हणून तिचा सेक्रेटरी होतो. एका पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या तळमजल्यावर दोन दिवस राहून गेली. जाताना सोसायटीच्या ऑफिसातला रेकॉर्डर संपवून गेली. कॅमेरे उंचावर होते, ते वाचले. आमच्या चेअरमनसाहेबांनी परदेशातल्या भाच्याकडून दुसऱ्याच कंपनीचा रेकॉर्डर मागवला आणि मग मला विचारलं, "हा याला चालेल का हो?"

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "माझ्याकडे माणूस आहे."

मामा आले. माझ्या बायकोने पोहे केले. चेअरमनसाहेब तुसडेपणाने म्हणाले, "मेकॅनिकला पोहे?" मामांनी ऐकलं आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. तासाभरात चारही कॅमेरे नव्या रेकॉर्डरशी बोलू लागले. जाताना जिन्यात मामा मला म्हणाले, "नेहमीप्रमाणे एक माहेरचं ठेवलंय हां." मी दोन्ही हातांत रिकाम्या बशा घेऊन होतो. मी म्हटलं, "हो हो." काय ठेवलंय ते विचारलं नाही. ही माझी चूक, आणि मी ती मामांसारखी केबलवर ढकलणार नाही.

आमचा वॉचमन गणपत. जवळच्याच गावातला, अंबरनाथचा एक कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या गेटवर आला. सकाळी आठ ते रात्री आठ. मोठी मुलगी नर्सिंगला होती, तिची दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं आपण ही खुर्ची सोडायची नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा, जणू खुर्चीच मुलीला शिकवत होती. रोज पाण्याची मोटार सुरू करणं आणि बरोबर नऊला बंद करणं हे त्याचं काम.

एका गुरुवारी मोटार जळाली. खालची टाकी रिकामी, मोटार कोरडी फिरत राहिली. जळका वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला.

"मना काय ठाव नाय, साहेब," गणपत म्हणाला. "नव वाजता मी बटन बंद केलाय. मंग तिसऱ्या माळ्यावरल्या आजींचा सिलेंडर वर नेला. खाली आलो तं वास."

चेअरमनसाहेबांनी रेकॉर्डर उघडला. चालू चित्रावर वेळ दिसायची नाही. जुनं काढलं की कोपऱ्यात आकडे उमटायचे. त्यांनी गुरुवारचे नऊ काढले. गेटवरची खुर्ची रिकामी. बुधवारचे नऊ काढले. रिकामी. मागचे सात दिवस काढले. सातही दिवस गणपत साडेदहाला येऊन खुर्चीवर बसत होता.

"सात दिवस! अडीच तास उशिरा!" चेअरमनसाहेब कडाडले. "रविवारी सभा. याला काढून टाकायचं. आणि पुरावा मी सगळ्यांसमोर, माझ्या घरचा रंगीत टीव्ही खाली आणून दाखवणार."

आता गंमत ऐका. मी रोज साडेआठला कामावर निघायचो आणि रोज गणपतला हात करायचो. पण पडद्यावर ती रिकामी खुर्ची पाहिल्यावर मला प्रामाणिकपणे वाटलं की आपण सवयीने रिकाम्या खुर्चीलाच हात करत असू. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "रोज माझ्या पोराला शाळेच्या रिक्षात तोच बसवतो. पण कॅमेरा कसा खोटं बोलेल?" सगळी इमारत आपल्या डोळ्यांवर संशय घेऊ लागली. गणपत एकटाच म्हणत होता, "मी व्हतो." आणि शनिवारी तर त्याचाही आवाज बारीक झाला. मला म्हणाला, "साहेब, मी व्हतो ना?"

ते मात्र मला झोंबलं. संध्याकाळी मी कॅम्प पाच गाठलं. मामांना सगळं सांगितलं. सकाळी नऊची रिकामी खुर्ची, साडेदहाचा गणपत, उद्याची सभा, मुलीची दोन वर्षं.

मामा चहा पीत होते. कप तसाच राहिला. "नऊ म्हणजे कुणाचे नऊ?"

"म्हणजे?"

त्यांनी भिंतीवरच्या मामींच्या घड्याळाकडे पाहिलं. मामी दारात आल्या. "काय ठेवलंत माहेरचं, त्या यंत्राचं?"

"घड्याळ," मामा म्हणाले.

मामींनी कपाळाला हात लावला, आणि या वेळी त्या हसत नव्हत्या.

"मी सांगितलं होतं, एक ठेवलंय म्हणून," मामांनी एकदा प्रयत्न करून पाहिला. माझ्या बशांचा उल्लेख मीच केला. पण मामी म्हणाल्या, "तुमची वजाबाकी तुमच्या घरात. त्या माणसाने कुठे शिकायची?" मामांनी मान खाली घातली.

रविवारी दहा वाजता पार्किंगमध्ये सभा. खुर्च्या, सतरंजी, मधे टेबलावर चेअरमनसाहेबांचा रंगीत टीव्ही, शेजारी रेकॉर्डर. गणपत खांबाला टेकून उभा, टोपी हातात. आमच्या तळमजल्यावर आजवर अशी गर्दी फक्त पुरात झाली होती, आणि तेव्हा ती बादल्या घेऊन होती. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, सोबत मामी.

चेअरमनसाहेबांनी रिकाम्या खुर्चीचे सात दिवस दाखवले. प्रत्येक दिवसाला "बघा!" म्हटलं. मग मामा उभे राहिले.

"चूक माझी," ते म्हणाले.

मामींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, पेढे पर्समध्येच असणार.

"ह्या यंत्राचं घड्याळ त्याच्या देशाचं आहे. आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मी मुद्दाम तसंच ठेवलं. यातले नऊ म्हणजे आपले साडेसहा. त्या वेळी हा माणूस त्याच्या घरी अंघोळ करत असणार."

"वा!" चेअरमनसाहेब म्हणाले. "मांजर्लीत आता परदेशातली वेळ चालणार? मेकॅनिकने वॉचमनला वाचवायला काहीही सांगावं!"

"सेक्रेटरींच्या हातात घड्याळ आहे. किती वाजले?"

"दहा चाळीस," मी म्हटलं.

"चेअरमनसाहेब, त्या कॅमेऱ्याकडे बघून हात हलवा."

त्यांनी हात हलवला. त्यांना कॅमेरा आवडायचा. मामांनी ते चित्र मागे नेऊन लावलं. पडद्यावर चेअरमनसाहेब हात हलवत होते, आणि कोपऱ्यात आकडे होते दुपारचे एक वाजून दहा मिनिटं. सभेतून "अगंबाई!" असा एकच आवाज आला.

"आणि रात्रीचं बघितलं होतं का?" मामांनी विचारलं. "हाच माणूस रात्री साडेदहापर्यंत खुर्चीत बसलेला दिसेल. तेव्हा नाही म्हणालात, अडीच तास जास्त थांबतो म्हणून?"

लोक हसले. गणपत हसला नाही. "मोटारीचा बघा," तो म्हणाला. "मना मोटारीचा बघायचाय."

"आता काय राहिलं?" चेअरमनसाहेब घाईघाईने म्हणाले. "वेळेचा घोटाळा होता, मिटला. सभा संपली असं मी—"

"बस रे खाली," तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. "माझा सिलेंडर आहे त्यात. लावा हो मामा."

मामांनी गुरुवारचे साडेअकरा लावले, म्हणजे आपले नऊ. गणपत खुर्चीतून उठला. मोटारीच्या खोलीत गेला. बाहेर आला. हात झटकले, आजींचा सिलेंडर खांद्यावर घेतला आणि जिन्याकडे निघाला. खरा गणपत खांबाजवळ उभा राहून पडद्यातल्या गणपतकडे बघत होता. त्याने टोपी डोक्यावर घातली.

चित्र पुढे जात राहिलं. रिकामं गेट. एक मांजर. आणि मग जिन्यावरून एक माणूस खाली आला. कमरेला टॉवेल, अंगावर बाकी काही नाही. डोक्यावर, तोंडावर, छातीवर साबणाचा एवढा फेस की नाक कुठे आहे ते शोधावं लागलं. हा फेस एक डोळा किलकिला करत, भिंत चाचपडत मोटारीच्या खोलीत शिरला, बटण दाबून बाहेर आला आणि तसाच चाचपडत वर गेला. मोटार पुन्हा सुरू झाली होती, आणि ती बंद करायला कुणीच येणार नव्हतं.

चेअरमनसाहेब घसा खाकरून उठले. त्यांनी पडद्याजवळ जाऊन त्या फेसाकडे गंभीरपणे पाहिलं.

"हा कोणीतरी बाहेरचा माणूस दिसतो," ते म्हणाले. "चेहरा ओळखू येत नाही. सेक्रेटरी, नोंद घ्या. अज्ञात इसम."

मी पेन उघडलं. 'अज्ञात' असं लिहिलंही. मामांनी चित्र थांबवलं होतं. साबणातला माणूस पाठमोरा, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, आणि त्याच्या टॉवेलवर पिसारा फुलवलेला एक मोठा निळाहिरवा मोर, रंगीत टीव्हीवर लख्ख. तेवढ्यात पहिल्या रांगेतून चेअरमनसाहेबांची बायको ताडकन उठली आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो, हा तर माझ्या माहेरचा टॉवेल!"